चिलटांनी दिलेलं देवपण

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला दीड दिवस देवपण मिळालं, आणि ते चिलटांनी दिलं.

राज्यांची वाटणी चालली होती तेव्हाची गोष्ट. आपला मुलूख मध्यप्रदेशात राहणार की मुंबईकडे जाणार, यावर आमचे मामाजी (म्हणजे सासरे, शाळेत मास्तर) दिवसभर बोलत. माझा प्रश्न त्याहून लहान होता: मी सौसरला माहेरी कधी जाणार? दिवाळीनंतर आईचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी चैत्रात ठरलं. पांढुर्ण्याहून सगळ्यांनी पायी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जायचं, नदीकाठी दोन रात्री मुक्काम करायचा, आणि तिथूनच दादा मला छकड्यात घालून सौसरला नेणार. वाटेत मी इतकी झपझप चालले की आत्याबाई (म्हणजे सासूबाई) मागून म्हणाल्या, "ही ओढ हनुमानाची म्हणाव का माहेराची?"

पहिल्या संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची भाजी झाली. सगळे त्या धुराभोवती बसले. धुरात चिलट फिरकत नाही. सूनबाई मात्र नदीवर, भांडी घासायला! ओल्या वाळूतून चिलटांचा ढग उठला आणि माझ्या पापण्यासुद्धा त्याने सोडल्या नाहीत. दोन्ही हात राखेने माखलेले, मारायचं कशाने?

सकाळी आत्याबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढल्या.

"माता निघाली हिले." (माता म्हणजे देवीचे फोड; ते आले की त्या माणसात देवीच आली असं मानतात.)

"आत्याबाई, चिलटं चावली जी मले."

"माता येते तर नाव सांगून येते काय?"

"ताप आहे काय तिले?" मामाजींनी लांबूनच विचारलं.

"नाही. शीतळा मातेले ताप कशाले राहीन?"

मास्तर निंबाचं झाड शोधायला निघाले.

मग काय विचारता! कडुनिंबाच्या डहाळ्या आल्या. भाजीची फोडणी बंद झाली (माता असली की फोडणी देत नाहीत). शेजारच्या मुक्कामातल्या बायका लांबूनच नारळ ठेवून गेल्या. लग्नापासून मला चारचौघांत एकदाही हाक न मारलेल्या आमच्या ह्यांनी खाली मान घालून नमस्कार केला. आणि आत्याबाई स्वतः मला वारा घालू लागल्या! खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत मला ते आवडू लागलं होतं.

"उद्या दादा येईन नं जी?" मी विचारलं.

"आला त जाईन वापस. मातेले जागेवरून हालवत नसतात."

देवपण तिथेच उतरलं. मी हमसून हमसून रडले. मामाजींना दया आली. "तिकडं दिल्लीवाले सीमा अडवून राहिले," ते म्हणाले, "अन् इकडं तुम्ही सून."

पण आत्याबाई ऐकतील तर शपथ. तिन्हीसांजेला भांडी पडली. देवीने भांडी घासायची नसतात, म्हणून त्या स्वतः नदीवर गेल्या. परतल्या त्या कराकरा खाजवत. सकाळी पाहते तर त्यांचं तोंड हुबेहूब माझ्यासारखं! मला आनंदाचं भरतं आलं. आता तरी चिलटांचं नाव घेतील! पण सगळ्यांना दिवसभर बिनफोडणीची भाजी खायला लावल्यावर कबूल होतील त्या आत्याबाई कसल्या? लोट्याच्या पाण्यात स्वतःला निरखून त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मलेही निघाली."

तेवढ्यात दादाच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आता नाही तर कधीच नाही. मी डोळे मिटले, निंबाची डहाळी हलवली आणि जमेल तेवढा जाड आवाज काढला.

"मले सौसरले ने. आता मी तिथंच राहीन."

मामाजी ओठांतलं हसू लपवत हात जोडून उभे राहिले. "देवीचा हुकूम आहे. मोडता येत नाही."

आत्याबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "माह्या अंगातली माताही तेच म्हणून राहिली," त्या म्हणाल्या, आणि माझ्याआधी छकड्यात जाऊन बसल्या.

सौसरला आईने दारातच दोघींची तोंडं पाहिली आणि तिला सगळं कळलं. पण विहीणबाईंना चिलटं चावली, असं कोण म्हणणार? तिने मुकाट्याने ओवाळलं, गादी घातली. माझे डाग दुसऱ्याच दिवशी मावळले. आत्याबाईंची माता मात्र ठाण मांडून बसली. आई चुलीपाशी त्यांच्यासाठी खीर आटवी आणि मी उशाशी बसून वारा घाली. मायलेकींचं काही बोलणं झालंच, तर ते खिरीत साखर किती घालायची याचं. जन्मात एकदाच देवी झाले, माहेरपणाचा एकच वर दिला, आणि तो सासूबाईंना पावला.