वाटपसाहेबांची राखीव जागा

मालवाहतुकीच्या त्या कचेरीत नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वाटपसाहेब’ म्हणत, आणि हे नाव आपल्याला आदरापोटी मिळालं आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. जिन्याखालच्या कोंदट खोलीत एक काळी पेटी दिवसभर घुरघुरत असायची. कचेरीत येणारा-जाणारा प्रत्येक मेल, प्रत्येक फाइल तिच्यातून जायची आणि पेटी सगळ्याची नोंद ठेवायची. त्या पेटीतली जागा कुणाला किती द्यायची हे वाटपसाहेब ठरवत. वाटप म्हणायचं ते आपलं म्हणायला.

“मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा,” ते समजावून सांगत. “ओट्यावर पसारा झाला की हात चालत नाही. माळा भरला की सगळंच अडतं.” इतकं गोड बोलणारा माणूस आता जागा देणार असं ऐकणाऱ्याला वाटे. मग वाटपसाहेब चष्मा पुसत म्हणत, “पण जागा नाही.”

हिशेब खात्याच्या बाईंनी त्यांच्या नाकदुऱ्या काढून पाहिल्या. गोदामवाल्याने भांडूनही पाहिलं. दोघांनाही पडद्यावर जवळजवळ भरलेली डिस्क दाखवण्यात आली आणि दोघेही आपल्या जुन्या फाइली पुसत बसले.

आता खरी गोष्ट अशी, की त्या भरलेल्या डिस्कमध्ये एक प्रचंड मोठी फाइल होती आणि तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. ती वाटपसाहेबांनीच करून ठेवली होती. जागा मोकळी दिसली की लोक हातपाय पसरतात, म्हणून ती आधीच अडवून ठेवायची, आणि गळ्याशी आलं की फाइल पुसून टाकायची. त्यांच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे आणि वाईट मुळीच नाही. फक्त ती माणसाच्या अंगात भिनू नये.

वाटपसाहेबांच्या अंगात ती पुरती भिनली होती. घरातली मागची खोली मशिनांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती. “आतलं सामान नाजूक आहे, हात लावू नकोस,” असं त्यांनी बायकोला बजावलं होतं, आणि ती बिचारी बाहेरूनच केर काढायची. त्यांचे वडील, नाना, दूरच्या गावी एकटे राहत. वाटपसाहेबांची आई गेल्यापासून त्यांचं घरात मन लागत नव्हतं, त्यात डोळेही अधू झाले होते. फोनवर ते अधूनमधून अंदाज घेत, “येऊन राहू का रे तुमच्याकडे?”

“नाना, जागा कुठंय? मागची खोली सामानाने भरलीय. बघतो काहीतरी.”

“बघ. घाई नाही,” नाना म्हणत. घाई होती, पण मुलापाशी घाई करायची त्यांना सवय नव्हती.

एक दिवस कचेरीतली ती पेटी गपकन बंद पडली. मेल जाईनात, पावत्या निघेनात, माल भरलेले ट्रक फाटकाशी उभे. व्यवस्थापकांचं धाबं दणाणलं. वाटपसाहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पाहिलं, तर डिस्क काठोकाठ भरलेली. जागा कोण खातं हे शोधायला त्यांनीच पेटीला बारीकसारीक सगळं टिपायला सांगितलं होतं आणि मग ते साफ विसरले होते; नोंदी साठतच गेल्या होत्या. जागा खाणारा सापडला होता. त्याचं नाव मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी मोठी फाइल पुसली, ते टिपणं थांबवलं, आणि पेटी पुन्हा घुरघुरू लागली.

“जागा आणलीत कुठून?” व्यवस्थापकांनी तोंडात बोटं घातली.

“राखून ठेवावी लागते, साहेब,” वाटपसाहेब म्हणाले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते मांस घेऊनच ते संध्याकाळी घरी आले आणि बायकोला सगळी हकीकत सांगितली, अगदी गुपितासकट. ती भाजी निवडत ऐकत होती.

“म्हणजे जागा होतीच?”

“होती ना!”

“आणि लोकांना नाही म्हणत होतात?”

“म्हणावंच लागतं. वेळप्रसंगाला हाताशी जागा नको?”

तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं, उठली आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. वरचं खोकं ओढायला तिने दोन्ही हात लावले, पण ते एका हातात आलं. दुसरंही तसंच निघालं. तिसरं तिने उचललंसुद्धा नाही, पायानेच बाहेर ढकललं.

“अहो, ही रिकामी आहेत!”

“कधी वेळ आली तर मोकळी करता येईल, म्हणून...”

“नाना एकटे पडले, ती वेळ नव्हती?”

खरंच कसली वेळ यायची होती, हे वाटपसाहेबांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. ते मुकाट्याने उठले आणि खोकी बाहेर काढू लागले. सगळी निघाली तेव्हा खिडकी दिसली, आणि तिच्याशेजारची लांबरुंद भिंतही. मग त्यांनी स्वतः फोन लावला.

“नाना, खोली मोकळी केलीय. या तुम्ही.”

पलीकडे नानांचा आवाज एकदम हलका झाला.

“आलोच मग! आणि काळजी करू नकोस रे, तुझी अडचण माझ्या लक्षात होती. मी इथलं सगळं देऊन टाकलंय. पलंग दिला, खुर्ची दिली, तुझ्या आईचं कपाटसुद्धा परवाच देऊन टाकलं. आता एक पिशवी राहिलीय. तेवढी मावेल ना?”

“मावेल,” वाटपसाहेब म्हणाले. सवयीने त्यांची नजर भिंत मोजत होती. आईचं कपाट तिथे बरोबर बसलं असतं.