मोत्या आला होता

कुत्र्यावर जीव लावणारी माणसं पुष्कळ असतात. पण कुत्र्याच्या हाती जीव सोपवून निर्धास्त झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. वाडीला, अमरावती रोडच्या आत, त्यांच्या सहा खोल्यांच्या चाळीत मी लग्नाआधी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. ट्रान्सपोर्टच्या गोदामात काट्यावर माल तोलण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे नजरेनं मालाचं पोतं तोलायची सवय माणसांनाही लागू व्हायची. मला पहिल्यांदा पाहिल्यावर नाव न विचारता म्हणाले, "बावन किलो. जेवत जाय गा." सगळी चाळ त्यांना काका म्हणायची. चाळीतला एकुलता टीव्ही त्यांचा आणि एकुलता कुत्रा, मोत्या, तोही त्यांचाच.

त्या काळी रविवारी टीव्हीवर, अडलेल्याच्या मदतीला माणसं ओढून आणणाऱ्या एका कुत्र्याची इंग्रजी मालिका लागायची. आज माझ्या वयाची माणसं तिची आठवण निघाली की हळवी होतात, बालपण गेलं म्हणतात. मी तेव्हा उठतो, पाणी वगैरे पिऊन येतो. काकांकडे त्या मालिकेची बैठक ठरलेली असे: पुढे पोत्यावर मोत्या, त्याच्या मागे काका, आणि उरलेल्या जागेत आम्ही भाडेकरू. मोत्याच्या डोळ्यांसमोर कुणी डोकं आणलं तर काका खेकसत, "सरक ना बाप्पा, त्याचं शिक्षण चालू हाय." त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, तरी सगळी गोष्ट ते आम्हाला वऱ्हाडीत सांगत. एकदा तिसऱ्या खोलीतली कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "काका, ते तसं नाही म्हणून राहिले." काका शांतपणे म्हणाले, "माणसं काय म्हणून राहिले ते तू सांग वं. कुत्रा थोडीच इंग्रजीत बोलून राहिला? मी कुत्र्याचं सांगून राहिलो."

शिक्षण झालं की परीक्षा. आठवड्यातून एकदा तरी काका अंगणातल्या पेरूखाली सपशेल आडवे होत, डोळे मिटत आणि पुटपुटत, "जाय मोत्या." मोत्यानं चाळीत जाऊन कुणाचा तरी कपडा दातात धरून त्याला ओढत आणायचं. आपण धावत जावं तर मेलेले काका मनगटावरचं घड्याळ पाहून उठत. "सहा मिनटं. साप चावला असता तर लाकडं आनायले गेले असते लोकं." मग मोत्याला बिस्कीट, आपल्याला चहा. मोत्या चुकत नसे. चुकायचो आम्हीच, म्हणजे कंटाळायचो. हातातला घास टाकून जावं आणि प्रेतानं चहा पाजावा, असं किती दिवस चालणार? काकूही म्हणायच्या, "एक दिवस खरंच पडाल, अन् कोनी येनार नाई."

तो दिवस रविवारच होता. चौथ्या खोलीतल्या मुलीचं लग्न होतं, काकूंसकट सगळी चाळ मांडवात गेलेली. काका मालिकेसाठी मागे राहिले. मी सकाळची पाळी करून आलो होतो. भिंतीपलीकडे टीव्ही वाजत होता, मला डोळा लागत होता. मोत्या आत आला आणि त्यानं माझा पायजमा धरला. मी म्हटलं, जा, आज नाही. तो ओढतच राहिला. कापड टर्रकन फाटलं तेव्हा मी चप्पल उचलून मारली. ती त्याच्या तोंडावर बसली. तरी तो परत आला. मग मी त्याला लाथेनं बाहेर ढकललं आणि कडी लावली. बराच वेळ तो दार खरवडत होता. मी कूस बदलली.

लग्नाला गेलेले संध्याकाळी परतले, तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या आणि काका पेरूखाली पडले होते. पेरूला बांधलेला अँटेनाचा बांबू फिरवायला उठले आणि लकवा मारला. मोत्या त्यांच्या छातीला टेकून बसलेला.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. चौथ्या दिवशी मी दवाखान्यात भेटायला गेलो. काकांची उजवी बाजू गेली होती, शब्द तोंडातून सांडत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांग गा. मोत्या आलता का तुह्याकडे?"

काकू बघत होत्या. चाळीतली दोन माणसं उभी होती. मी म्हणालो, "नाही काका."

काका म्हणाले, "मंग नाई शिकला तो."

घरी आल्यावर त्यांनी मोत्याला पुन्हा हाक मारली नाही. तो खाटेच्या पायाशी बसायचा आणि काका भिंतीकडे तोंड करायचे. रविवारी टीव्ही लागेनासा झाला. शेवटी काकूंच्या भावानं मोत्याला काटोलला संत्र्याच्या बागेत राखणीला न्यायचं ठरवलं. ट्रकवर चढवायला मीच गेलो. उचलायला वाकलो तसा त्यानं माझा पायजमा दातात धरला आणि मला काकांच्या दाराकडे ओढू लागला. त्याचं काम अजून संपलं नव्हतं. ट्रकवाला हसला, "आता आठवून राहिलं याले." सगळे हसले. मीही हसलो, ते त्या खाटेपर्यंत ऐकू गेलं असणार.

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. मधल्या सहा महिन्यांत मी त्यांच्या दारावरून रोज जात-येत होतो. तीन शब्द सांगायचे होते फक्त. पायजमा मी स्वतः शिवला, दोन वर्षं वापरला.

परवा कुठल्याशा वाहिनीवर ती मालिका पुन्हा लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा ना, तुमच्या वेळची आहे." बसलो. कुत्रा एका माणसाची बाही धरून ओढत होता आणि तो माणूस लगेच उठून त्याच्या मागे धावला. कसलाही विचार न करता धावला. मुलगी मला म्हणाली, "अहो बाबा, चपला घालून कुठं निघाले?" मी खाली पाहिलं. खरंच, माझ्या पायात चपला होत्या आणि मी दाराशी उभा होतो.