पंख्याकडून सुलटी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी जळकोटकडच्या एका गावात ग्रामसेवक होतो. साहेब पाहणीला येणार म्हणून गावच्या विहिरीवर बसवलेल्या नळाच्या मोटारीला आणि तिला जोडलेल्या पंपाला निळा रंग फासला. त्यात फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही बुजला. मग ट्रान्सफॉर्मर बदलला आणि नळाची धार करंगळीएवढी झाली.

तपासायला एक वायरमन आला. कानावर टेस्टर, गालात सुपारी. मोटार जराशी चालू करायचा, तिच्या मागच्या टोकाच्या पंख्याकडून बघायचा, हवेत बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "घड्याळाच्या काट्यासारखी फिरायलीय. सुलटी हाय."

मी समोरच्या टोकाला, पंपाच्या बाजूला उभा. "अहो, उलटी फिरतेय! ट्रान्सफॉर्मर बदलताना वायरी उलट्या लागल्यात, त्यातल्या दोन बदला."

"दुष्काळ हाय, भाऊसाहेब. धार बारीकच येणार."

"विहिरीत कमरेएवढं पाणी आहे!"

"सुलटी हाय."

शेवटी घागर घेऊन ताटकळलेली एक बाई खेकसली, "दोघं एका अंगाला हुबे ऱ्हावा की!"

तो माझ्या बाजूला आला. मोटार पुन्हा जराशी चालू केली; या वेळी बोट उलटं फिरलं. लगेच दोन वायरींची अदलाबदल केली. धार मनगटाएवढी झाली.

मग त्यानं हात पुसले, विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "झरा फुटला जनू."

मी कोपरापासून हात जोडले.