न्हाणीतला दगड

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. जावयाने सॉमरसेट परगण्यातली गावं, जुनी चर्चं फिरवून दाखवली. एका खेड्यातल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं कोरीव दगडी कुंड होतं. पूर्वी कोण्या शेतकऱ्याने ते उचलून नेलं आणि गुरांना पाणी पाजायला वापरलं; त्याच्या नातवाने परत आणून दिलं, असं तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं.

"काय घाणेरडे लोक असतात ना, मामाजी!" जावई म्हणाला.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात पडक्या देवळातली देवी इंग्रजांनी नेली, असं मी पन्नास वर्षं सांगत आलो. नातवंडांना, पाहुण्यांना, शाळेच्या कार्यक्रमातसुद्धा. खरं म्हणजे ती मीच लग्नाआधी बैलबंडीत घालून आणली होती. न्हाणीला सपाट दगड हवा होता आणि तिची पाठ सपाट होती.

परतल्यावर बायकोला सांगितलं. ती तेव्हा त्याच दगडावर कपडे धूत होती. हातातलं लुगडं टाकून ताडकन उठली.

"इतके वर्षं मले देवीच्या पाठीवर आंघोळ करू देली? आन् शिव्या इंग्रजाले?"

शेजारच्या दोघांनी लोखंडी सब्बल लावून दगड उलटवला. नाकडोळ्यांत काळा चिखल आणि साबणाचा मळ बसला होता. वास असा सुटला की दोघंही तोंड फिरवून मागे सरले.

"हे पाप कोनाचं?" एकाने विचारलं.

बायको माझ्याकडे पाहत होती.

"माझं," म्हणालो, आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसलो.