कवीचा दिवस

बहारीनला आम्ही साहेबांच्या घरी आठ वर्षं काढली. हे स्वयंपाकी, माझ्याकडे धुणं, इस्त्री आणि झाडलोट. साहेब-मेमसाहेब दोघं स्कॉटलंडचे. साहेब आधी मुंबईच्या गोदीत होते, तिथल्या कॅन्टीनमधून त्यांनी ह्यांना घरी स्वयंपाकाला घेतलं. पुढे मीना सलमानला जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात ते आले, तेव्हा ह्यांना आणि ह्यांच्यामागे मला आणलं. घर मनामा शहराच्या जरा बाहेर. मागच्या अंगणात आम्हाला एक खोली आणि मोरी.

पहिल्या वर्षी जानेवारी संपता संपता साहेबांकडे वीसेक माणसं जेवायला आली. पुरुषांनी चौकड्यांचे घागरे घातले होते. हॉलमध्ये एका माणसाची तसबीर मांडली होती. तरणा, देखणा, गालांवर कल्ले. मी ह्यांना विचारलं, हा कोण? हे म्हणाले, त्यांचा कवी आहे, आज त्याचा दिवस. मेला कधी, विचारलं तर म्हणाले, दोनशे वर्षं होत आली.

दिवस म्हटलं की मला दहावा, तेरावा आठवतो. दोनशे वर्षांनी कोण कुणाचे दिवस घालतं? आमच्याकडे आज्याच्या बापाचं नाव कुणाला सांगता येत नाही. तसबिरीसमोर त्यांनी नैवेद्याच्या पानासारखं ताट आणून ठेवलं, त्यावर काहीतरी गोल, करडं. साहेब त्या गोळ्याशी बोलले, सुरी उगारली आणि त्यात खुपसली. मी दाराच्या फटीतून एवढंच बघितलं आणि मागे झाले. मला तेव्हा दिवस गेलेले होते.

सहाव्या दिवशी माझं पोट पडलं. तिसरा महिना होता. सलमानियाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, हात धरून म्हणाल्या, असं होतं, पुन्हा राहील. त्याआधीचं एक गावी गेलं होतं. तेही का गेलं, कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कारण सांगितलं नाही की माणूस आपलं आपण शोधतं.

दुसऱ्या वर्षी जानेवारी आला तेव्हा मला सहावा संपत होता. इतकं पुढे कुठलंच गेलं नव्हतं. मी चालताना पाय मोजून टाकत असे. आईचं पत्र आलं होतं की बाळंतपणाला ये. सातवा सरला की विमानात घेत नाहीत, म्हणजे जायचं तर लवकर ठरवायला हवं होतं. हे म्हणत, इथला दवाखाना गावच्यापेक्षा बरा. ते खरं होतं. पण दवाखान्याची मला भीती नव्हती.

मग हे पुटपुटायला लागले. भांडी घासताना, भाजी चिरताना ओठ हलत. मी गेले की गप्प. विचारलं तर म्हणायचे, कुठे काय. एकदा साहेब कामावरून लवकर आले आणि ह्यांना घेऊन दार लावून बसले. अर्धा तास आतून एकदा साहेबांचा आवाज, एकदा ह्यांचा. एकच गोष्ट दोघं पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा घामेजलेला. जानेवारीत.

आठवड्याने ह्यांनी माझ्याकडे दाभण मागितला.

"कशाला?"

"पोतं शिवायचंय."

आमच्या घरात पोतं नव्हतं. तांदूळ साहेबांच्या घरी पत्र्याच्या डब्यात असायचा. मी दाभण दिला, थोड्या वेळाने इस्त्रीचे कपडे घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघराशी गेले. ओट्यावर काळीज, फोफसा, सगळं बारीक करून ठेवलेलं. मेमसाहेबांनी दोन्ही हातांनी बकऱ्याचं आख्खं पोट धरलं होतं आणि हे माझ्या दाभणाने ते शिवत होते.

गर्भारशीने ग्रहणात सुई हातात घेऊ नये म्हणतात. इथे ग्रहण नव्हतं, पण माझ्या सुईने पोट शिवलं जात होतं, शिवणारा माझा नवरा होता, आणि सगळं त्याच मेलेल्या माणसाच्या दिवसासाठी. मी कपडे पायरीवर ठेवून परत फिरले.

त्याच दुपारी हे झोपले असताना मी ह्यांचा सदरा चाचपला. खिशात चौघडी कागद. अक्षर ह्यांचं. ओळीखाली ओळ, कवितेसारख्या मांडणीत. मी चौथी पास आहे, वाचायला मला अडत नाही. एकेक अक्षर लागलं, काना, मात्रा, सगळं. शब्द मात्र एकही नाही. मराठी नाही, हिंदी नाही, इथले लोक बोलतात तसं अरबीही नाही. ज्याचा अर्थ लागत नाही आणि जे पाठ करतात, ते काय असतं मला ठाऊक होतं. गावी एकाच्या घरी असाच कागद निघाला होता, उंबऱ्याखाली.

कागद मी परत ठेवला, पण रोज दुपारी काढून वाचायची. मनात. ओठ मिटून. मंत्र तोंडातून निघाला की लागू होतो. कुठे माझं नाव आहे का, बाळाला काही म्हटलंय का, ते शोधत होते.

पलीकडच्या गल्लीत रत्नागिरीच्या एक भाभी राहायच्या, त्यांचा घरवाला मीना सलमानला कारकून. माझं जे काही बोलणं व्हायचं ते त्यांच्याशी. एके दिवशी कागद नेला. भाभींचं शिक्षण उर्दूत, त्यांना ही लिपी येत नव्हती. म्हणाल्या, वाचून दाखव. मी मान हलवली.

"अगो, नुसतं वाचून काय होतंय?"

"ते मोठ्याने वाचायचं नसतं, भाभी."

मग म्हणाल्या, "तुझी मेमसाब दुपारी जेवली की घोरते. जादू करणारीला घोरायला सवड असते होय? आणि तुझ्या नवऱ्याला वश करायला तिला मंत्र कशाला, पगार पुरे." मला हसू आलं नाही. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. एवढं वाटतंय तर मेमसाबला सरळ विचार, नाहीतर तिकीट मागून जा आईकडे, पण हे पोटात ठेवून राहू नको, पोटात आधीच एक आहे.

कवीच्या दिवसाचं जेवण दोन दिवसांवर आलं होतं. मी जायचं ठरवलं. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी समजूत काढली असती, म्हणून ह्यांना सांगितलं नाही. हे मनामाला मासळी आणायला गेले तसा कागद घेतला आणि मेमसाहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तोवर मी त्यांच्याशी 'येस मेमसाब' याच्या पलीकडे बोलले नव्हते. त्यांना मोडकं हिंदी यायचं. मी म्हटलं, मेरे को टिकट चाहिए, घर जाना है.

त्यांनी का विचारलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा, मग परत दिला. "हमको नहीं आता. तुम पढ़ो."

घरात तो कागद वाचू शकणारी तेव्हा मी एकटीच होते. वाटलं, लागायचा तर लागू दे, पण तिच्या तोंडावर लागू दे. तिच्या डोळ्यांत बघायचं आणि काय होतंय ते पाहायचं. पोटावर एक हात ठेवला आणि वाचायला लागले, शाळेत कविता म्हणायचे तशी, ओळ तोडून, स्वच्छ.

दुसऱ्या ओळीला त्यांनी हात तोंडावर नेला. चौथ्या ओळीला त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. मी थांबले तर त्या पुढचं बोलल्या, न बघता, आणि कागदावर तेच होतं. अक्षरं मी वाचत होते आणि अर्थ त्यांना लागत होता. वाचून संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले. मी तरी सैल झाले नाही. रडणारं माणूस वाईट करत नाही असं थोडंच आहे.

त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. ही त्या कवीची कविता. साहेबांनी म्हणून दाखवली, ह्यांनी ऐकलं तसं उतरवून घेतलं. पाहुण्यांना चकित करायचं, म्हणून कुणाला सांगायचं नाही असं साहेबांनी बजावलेलं. कवी शेतकऱ्याचा मुलगा होता, स्वतः नांगर धरायचा. शहाण्यांची इंग्रजी सोडून गावच्या बोलीत लिहायचा, म्हणून मेमसाहेबांच्या वडिलांसारख्या कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या माणसालाही त्याच्या कविता तोंडपाठ. बकऱ्याचं पोट आणि काळीज हे गरिबाचं खाणं, बरं मांस दुसरे नेत. दरवर्षी त्यांच्याकडे ते डब्यातून यायचं, यंदा डबे आले नाहीत, म्हणून आधी एक शिवून बघितलं. आणि तो दिवस मरणाचा नव्हता, जन्माचा होता. त्या सगळं सांगत होत्या आणि मी एकेक तपासून घेत होते. पोटाचं मला पटलं. वजडी आमच्याकडेही करतात, आणि ती कुणाच्या वाट्याला येते ते मी पाहिलेलं आहे.

मग मी विचारलं, मरा तब कितने साल का था? त्या म्हणाल्या, सदतीस. पुढे न विचारता म्हणाल्या की त्याला पुरायला नेलं त्याच दिवशी त्याची बायको बाळंत झाली.

हे माझ्यासारखीला कोण सांगतं? त्यांच्याही लक्षात आलं असावं, त्या घाईने म्हणाल्या, बच्चा ठीक हुआ, लड़का. मी विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? लोकांनी सांभाळलं, म्हणाल्या. खूप वर्षं जगली. त्याला दुसऱ्या बाईपासून झालेली मुलगीसुद्धा तिनेच आपल्या पोरांत वाढवली. मला आश्चर्य वाटलं. एवढी बाई, आणि तसबीर फक्त त्याची. तसं मी बोलून दाखवलं. मेमसाहेब म्हणाल्या, हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिकिटाचं त्या म्हणाल्या, जायचं असेल तर साहेब उद्याच काढतील. मी म्हटलं, जेवण होऊ दे, मग सांगते. मला डोळ्यांनी बघायचं होतं. सांगणं काय, कुणीही गोड सांगतं.

ह्यांना मी काही बोलले नाही. कागद खिशात परत ठेवला.

जेवणाच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. एकजण काखेतली पिशवी दाबून पावा वाजवत पुढे, मागे हे ताट घेऊन, पांढऱ्या कोटात. साहेबांनी सुरी खुपसली, वाफ आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाफेला मिऱ्याचा वास होता. माझ्या पोटात काही झालं नाही. मग साहेबांनी ह्यांना तसबिरीजवळ उभं केलं. पाहुण्यांत हसू पसरलं, बबर्ची काय बोलणार म्हणून. ह्यांनी सुरुवात केली तशी शांतता पडली. एक म्हातारा पाहुणा डोळे मिटून ऐकू लागला.

तिसऱ्या कडव्याला हे अडकले. पहिला शब्द म्हणाले, पुन्हा तोच म्हणाले. कान लाल झाले. साहेब खाली बघायला लागले. कुणीतरी खोकलं.

पुढची ओळ मला येत होती. दुपारच्या दुपारी ओठ मिटून वाचलेली, सगळीच येत होती. मी ती दाराआडून म्हटली. मला वाटलं हळू म्हटली, पण सगळ्यांनी माना वळवल्या. ह्यांनी वळवली नाही. ओळ उचलली आणि शेवटपर्यंत गेले. टाळ्या पडल्या तेव्हा मी खोलीत येऊन बसले होते.

तिकीट मी मागितलं नाही. उन्हाळा सुरू होताना सलमानियाला मुलगी झाली.

नंतर आणखी सहा वर्षं आम्ही तिथे होतो आणि दर जानेवारीत ह्यांनी ती कविता म्हटली, एकदाही न अडखळता. म्हणूनच मला संशय आहे. खिशातला कागद मी रोज उलगडते हे ह्यांना कळलं असणार, चौघडी मला पूर्वीसारखी घालता यायची नाही. ते खरंच विसरले की मला बोलती करायला थांबले, हे मी कितीदा विचारलं. हे म्हणतात, कुठे काय.