नवऱ्याचा नंबर

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरात राहणाऱ्या बाईला हळू बोलताच येत नाही. भाजीवाल्याशी बोलली तरी चार मजले ऐकतात. दर वाक्याला "खरं की नाय?" विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही.

गणपतीत मंडळाने बोनमॅरो दात्यांची नोंदणी ठेवली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच पुढे आली. गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला आणि म्हणाली, "एवढंच? मग लोक घाबरतात कशाला, खरं की नाय?" फॉर्म मी भरत होते. मोबाईल विचारल्यावर तिने सवयीने नवऱ्याचा नंबर सांगितला. गॅसला तोच, शाळेत तोच. मीही मुकाट्याने लिहिला.

काल दुपारी ती उष्ट्या हाताने माझ्या दारात उभी राहिली. जेवता जेवता नवरा सहज बोलून गेला होता: दिवाळीत त्या बोनमॅरोवाल्यांचा फोन आला होता, कुणा पेशंटशी तुझं जुळत होतं, मी नाव काढायला सांगितलं.

"हाडं माझी, आणि नको हा म्हणतो?" आवाज इतका खाली, की मलाच भीती वाटली. "लाव गं त्यांना फोन."

मी स्पीकरवर लावला. माझंही डोकं फिरलं होतं, त्याच्यावर आणि त्याहून जास्त माझ्या त्या मुकाट्याने लिहिण्यावर. पेशंटचं आता काय, ते त्यांना सांगता येत नव्हतं. "नाव परत घालतो, मॅडम. तुमचा नंबर सांगा."

तिने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. स्वतःचा नंबर तिला पाठ नव्हता.