कार्बाईनवरच्या अक्षता

माझा राग अजून गेला न्हाई, आधीच सांगते.

मी पोलीस शिपाई. शहागडकडं हायवेवर जीपची ड्युटी करते. लई भांडल्यावर माझ्या नावावर कार्बाईन चढली. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची बंदूक. लांब रायफल घेऊन जीपमधून उतरायचं तर नळी दारात अडकते. ही गळ्यात अडकवली की हात मोकळे, अन् चटकन खांद्याला लागते. लांबचा नेम तिला तेवढा साधत न्हाई, पण गाडीपाशी, गल्लीत आमचं काम जवळचंच. तवा हीच बराबर. आमचे हवालदार मात्र म्हणायचे, "बाईला काठी बास."

मागच्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होती. मी कार्बाईन लख्ख पुसून चादरीवर ठेवली अन् कुंकवाला हात घातला, तर हवालदार म्हणाले, "राहू द्या ताई, तुम्ही नका." माझा नवरा वारलाय ना, म्हणून! मी मुकाट मागं सरले. पूजा त्यांनीच केली. तेलात कालवलेलं कुंकू, वरून मूठभर अक्षता, अन् हत्यारं तशीच कोठीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी फायरिंगचा सराव. नापास झालं की हत्यार जमा. माझी पहिली गोळी गेली, दुसरीला कार्बाईन अडकली.

"बघा, म्हन्लं न्हवतं?" हवालदार हसले.

ठाण्याचे साहेब म्हणाले, "जमा करा."

आधी उघडून बघायला पायजे होतं मी, खरंय. आता गोळ्यांचं मॅगझीन काढलं, गोळी आत ढकलणारा बोल्ट मागं ओढला. आतून कुंकवात चिकटलेले तांदूळ निघाले. माझं डोकंच फिरलं! तळहात साहेबांपुढं धरला.

"पूजेला मी चालत न्हाई, अन् चूक तेवढी माझ्या नावावर? ह्ये कुनी टाकलं, इचारा की त्यांना!"

"देवाचं काम हाय, त्यात काय एवढं," हवालदार पुटपुटले.

"रस्त्यात अडकली असती तर देव आला असता का मधी?"

साहेबांनी माझ्या तळहातावरचे तांदूळ बोटानं चिवडून बघितले. मंग म्हणाले, "साफ करा, परत मारा." साफ केली. सगळ्या गोळ्या टारगेटात लागल्या. कार्बाईन माझ्याकडंच राह्यली.

यंदा दसऱ्याला ताट मीच उचललं. कुनाची 'नका' म्हणायची हिंमत झाली न्हाई. पण कुंकवाचं बोट हत्याराजवळ नेलं अन् तिथंच थांबलं. आपल्या विधवेच्या हातानं हत्यार बाटंल, असं मलाच वाटून राह्यलं होतं.